फलटणची नात आणि निळं गाढव : सुनीती नामजोशी यांचं प्रकरण

१९६९ साली भारतीय प्रशासकीय सेवेतली अठ्ठावीस वर्षांची एक मराठी अधिकारी नोकरी सोडते आणि उत्तर अमेरिकेतच राहते. मिसुरी विद्यापीठाची सार्वजनिक प्रशासनातली पदव्युत्तर पदवी तिच्या हातात आहे. नावावर कोलकात्यात छापलेला इंग्रजी कवितांचा एक लहान संग्रह आहे, आणि आईबरोबर केलेला गोविंदाग्रजांच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद. ही बाई बायकांवर प्रेम करणारी आहे. पण हे मोकळेपणी सांगावं अशी जागा तिला कुठेच नाही, मायदेशात नाही आणि नव्या देशातही नाही. बारा वर्षांनी, १९८१ मध्ये, लंडनच्या एका छोट्या स्त्रीवादी प्रकाशनसंस्थेकडून तिचं ‘फेमिनिस्ट फेबल्स’ हे पुस्तक येतं, आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगाला सुनीती नामजोशी हे नाव कळतं.

स्त्री-अभ्यासाच्या वर्गात मी हे प्रकरण, म्हणजे केस स्टडी म्हणून, दरवर्षी मांडते. दरवर्षी पहिलं उत्तर तेच येतं : ‘परदेशात गेल्या म्हणून मोकळ्या झाल्या.’ उत्तर चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण त्या उत्तराने मधली बारा वर्षं गिळून टाकली जातात, आणि या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते त्या बारा वर्षांतच आहे. म्हणून ही सविस्तर मांडणी.

आजोळ

नामजोशींचा जन्म १९४१ साली मुंबईत झाला. आडनाव वडिलांकडचं, आजोळ फलटणच्या नाईक-निंबाळकरांचं. शिवाजी महाराजांच्या राणीसाहेब सईबाई ज्या घराण्यातल्या, तेच हे घराणं. आजोबा फलटण संस्थानचे राजे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं तेव्हा नात सात वर्षांची होती. राज्य गेलं तरी वाडा, नोकरचाकर, रीतभात आणि कुणापुढे कुणी किती वाकायचं याचे हिशेब एका सहीने जात नाहीत, आणि लहान मुलीला ते कुणी शिकवावेही लागत नाहीत.

वडील वैमानिक. बंगळूरला नव्या विमानांची चाचणी घेण्याचं त्यांचं काम होतं. १९५३ मध्ये विमान कोसळून ते गेले, मुलगी बारा वर्षांची असताना. या मृत्यूवर नामजोशींनी जवळजवळ तीस वर्षांनी, ‘द ऑथेंटिक लाय’ या १९८२ च्या संग्रहात लिहिलं. एखादी गोष्ट शब्दांत यायला त्यांना किती काळ लागतो, हे या एका उदाहरणावरूनही दिसतं.

शाळा दोन. आधी मसुरीजवळ लँडूरची वुडस्टॉक ही अमेरिकन मिशनऱ्यांची शाळा, मग आंध्रातलं जे. कृष्णमूर्तींचं ऋषी व्हॅली. पुढे पुणे विद्यापीठातून इंग्रजीत बी.ए. आणि एम.ए. १९६४ मध्ये त्या आयएएसमध्ये दाखल झाल्या.

इथे थोडं थांबते, कारण त्या काळची ही सेवा बायकांसाठी कशी होती हे ठाऊक नसेल तर पुढचा निर्णय समजत नाही. १९५४ च्या सेवाभरती नियमांत असं कलम होतं की विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्क सांगता येणार नाही, आणि नेमणुकीनंतर लग्न केलेल्या स्त्रीला ‘सेवेच्या कार्यक्षमतेसाठी’ राजीनामा द्यायला सांगता येईल. हे कलम १९७२ मध्ये गेलं. परराष्ट्र सेवेतल्या अशाच नियमांवर त्या सेवेतल्या अधिकारी सी. बी. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ मध्ये न्यायालयाने सरकारला खडे बोल सुनावले, हे पुष्कळांना आठवत असेल. म्हणजे नामजोशी सेवेत होत्या त्या सगळ्या वर्षांत नियमपुस्तकाला बाई दोनच तऱ्हेची माहीत होती : लग्न झालेली आणि लग्न व्हायची असलेली. तिसऱ्या तऱ्हेची बाई त्या पुस्तकात मावतच नव्हती. तिच्याविरुद्धही त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

समोर असलेल्या वाटा

प्रकरण अभ्यासात आपण विचारतो, त्या वेळी त्या व्यक्तीपुढे काय काय होतं? लग्न करून सेवेत राहायचं आणि जमेल तितकं लपवायचं, ही एक वाट. अविवाहित अधिकारी म्हणून राहायचं, ही दुसरी. ती अशक्य नव्हती. वरच्या घरातली, शिकलेली, अधिकारावरची बाई एकटी राहिली तर लोक कुजबुजतात, पण दारात येऊन जाब विचारत नाहीत. एखादी ‘मैत्रीण’ घरात राहिली तर मराठीत त्याला मैत्रीणच म्हणतात आणि विषय संपतो. तो शब्द किती झाकतो, आणि त्या झाकण्यातच कितीजणींनी आयुष्यं काढली, हे आपल्या आसपास पाहिलं तरी कळेल. तिसरी वाट निघून जाण्याची.

माझ्या मते दुसरी वाट नामजोशींना सगळ्यांत सोयीची होती. घराणं आणि पद, दोन्ही भिंती भक्कम होत्या. पण त्या भिंती तोंड बंद असेपर्यंतच उभ्या राहणार होत्या, आणि ही बाई कवयित्री होती.

त्या गेल्या. मॉन्ट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठातून १९७२ मध्ये एझरा पाउंड या अमेरिकन कवीवर पीएच.डी. केली आणि त्याच वर्षी टोरांटो विद्यापीठाच्या स्कारबरो इथल्या महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवू लागल्या. १९६९ मध्येच कॅनडाने कायदा बदलून प्रौढांच्या खासगीतल्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का काढला होता. आपल्याकडे त्यासाठी ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला. कागदावर पाहिलं तर हवं ते सगळं मिळालेलं होतं : सुटसुटीत कायदा, स्वतःचा पगार, घरापासून हजारो मैलांचं अंतर.

तरीही त्या गप्पच राहिल्या. पुढची कित्येक वर्षं कविता येत राहिल्या, पण जे म्हणायचं होतं ते आडूनच म्हटलं गेलं.

वर्गातलं पहिलं उत्तर इथे अडतं. अंतराने मोकळीक मिळाली असती तर ती १९६९ मध्येच मिळायला हवी होती. कायद्याने मिळाली असती तरीही तेव्हाच. उलट काहीतरी हातचं गेलं होतं. फलटणमध्ये आणि सेवेत त्यांना पाहताच लोक उठून उभे राहत. टोरांटोत त्या सावळ्या रंगाची, परक्या उच्चाराची एक बाई होत्या. एकाच प्रवासात वरच्या पायरीवरून बाहेरच्या अंगणात. ज्या माणसाला जन्मापासून ‘आपण कोण’ हे कुणाला सांगावंच लागलं नाही, त्याला ते रोज सांगावं लागणं म्हणजे काय, याचा विचार आपण स्थलांतराच्या यशोगाथा वाचताना फारसा करत नाही.

इंग्लंडमधलं वर्ष

बदल झाला तो १९७८-७९ च्या अभ्यासरजेत. ते वर्ष त्यांनी इंग्लंडमध्ये काढलं. तिथे स्त्रीमुक्तीची आणि समलिंगींच्या हक्कांची चळवळ पुस्तकाबाहेर, माणसांच्या रूपाने भेटली. चळवळीतल्या मैत्रिणी मिळाल्या, वाद झाले, वाचन बदललं. या काळाबद्दल त्यांनी १९८९ च्या ‘बिकॉज ऑफ इंडिया’ या निवडक संग्रहातल्या गद्य टिपणांत स्वतः लिहिलं आहे. कवितेमागचं आयुष्य त्यात सरळ येतं, आणि या प्रकरणाचा तोच सगळ्यांत चांगला दस्तऐवज आहे.

त्याच सुमारास लंडनमध्ये बायकांनी चालवलेल्या छोट्या प्रकाशनसंस्था उभ्या राहत होत्या. १९८० मध्ये शीबा सुरू झाली. ‘फेमिनिस्ट फेबल्स’ तिनेच काढलं. द विमेन्स प्रेसने पुढच्या कादंबऱ्या काढल्या. त्यांची पुस्तकं दुकानात लांबूनच ओळखू येत : कण्यावर काळे-पांढरे पट्टे आणि चिन्ह म्हणून चक्क कपड्यांची इस्त्री. घरकामाची ती वस्तू कण्यावर मिरवणारी ही पुस्तकं वाचणाऱ्या बायकांचं एक जाळं तयार झालं होतं. नामजोशींना तोंड उघडता आलं ते या जाळ्यामुळे. बोलायला मोकळी हवा लागते हे खरं, पण समोर ऐकणारं माणूस नसेल तर नुसत्या हवेत कोण किती बोलणार?

हे मी ठासून सांगते, कारण त्याचा आपल्याशी संबंध आहे. १९८१ हेच साल मराठी रंगभूमीवर ‘मित्राची गोष्ट’चं. विजय तेंडुलकरांचं नाटक, रोहिणी हट्टंगडींनी रंगवलेली मित्रा. मराठी नाटकात बाईवर प्रेम करणारी बाई इतक्या उघडपणे तोवर आलेली नव्हती. ती आली, आणि नाटकाच्या शेवटी उरली नाही. मित्राशी तिच्यासारखी दुसरी कुणी बोलत नाही. तिची कहाणीदेखील तिचा मित्र बापू सांगतो. मुंबईत बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांचा ‘स्त्री संगम’ हा गट १९९५ मध्ये उभा राहिला. म्हणजे त्या नाटकाच्या प्रेक्षागृहात एखादी मित्रा बसलेली असेल, तर घरी परतताना हे बोलायला तिला आणखी चौदा वर्षं थांबावं लागणार होतं.

पंचतंत्र, आणि एक समिती

आता लेखनाकडे. ‘फेमिनिस्ट फेबल्स’मधली एक गोष्ट मी वर्गात मोठ्याने वाचते. तिचं नावच ‘पंचतंत्रातून’ अशा अर्थाचं आहे. काशीतला एक गरीब ब्राह्मण. गरीब आहे, मुलगा नाही, पण आपण ब्राह्मण आहोत आणि पुरुष आहोत एवढ्यावर समाधानी. मुलगा व्हावा म्हणून विष्णूची आराधना करतो. देव प्रसन्न होतो, पण त्याचं लक्ष जरा भलतीकडेच. मुलाऐवजी मुलगी होते. तिला शिकवून बापलेक दोघं ध्यानाला बसतात, देव पुन्हा येतो, आणि पुन्हा मुलगाच मागणाऱ्या ब्राह्मणाला पुढच्या जन्मी बाई करतो. त्या जन्मात मुलगे आहेत, पण ते आईच्या पदरात. मग देव मुलीला विचारतो, तुला काय हवं? ती म्हणते, मला माणसाचा दर्जा हवा. देव म्हणतो, ते फार अवघड आहे. आणि एक समिती नेमतो.

गोष्ट इतकीच, पानभर. वर्गात या शेवटावर हशा होतो आणि लगेच शांतता पसरते. ती शांतता मला महत्त्वाची वाटते. हे वाक्य फक्त पंचतंत्र वाचलेल्या बाईला सुचलं नसतं. काही वर्षं सरकारी फायलींत काढलेल्या बाईला ते सुचलं. नाही म्हणायचं नसतं आणि होही म्हणायचं नसतं तेव्हा काय करतात, हे जिने टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलं, तिचं ते वाक्य आहे. आयएएसची वर्षं नामजोशींच्या चरित्रात एका ओळीत उरकली जातात. माझ्या वाचनात ती त्यांच्या गद्याच्या हाडात आहेत. छोटी वाक्यं, विशेषणं जवळजवळ नाहीत, प्रत्येक वाक्यात एक कृती, आणि निकाल शेवटच्या ओळीत. चांगल्या टिपणीची हीच रीत असते.

आणि प्राणी? त्यांच्या लेखनात गाय, गाढव, माकड, मांजर, ड्रॅगन, सगळे बोलतात. पाश्चात्त्य साहित्य शिकताना त्यांना जाणवलं की तिथे केंद्रस्थानी मनुष्य, तोही पुरुष. पशू खाली कुठेतरी. बाईने, त्यातही बाईवर प्रेम करणाऱ्या, परदेशातून आलेल्या बाईने त्यात कुठे उभं राहायचं? त्या पशूंच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. आपल्या कानांना यात चमत्कारिक काही वाटत नाही. चिऊ-काऊ घरं बांधतात, म्हातारीला अडवणारा वाघ तिच्याशी बोलणी करतो, ज्ञानेश्वर रेड्याच्या मुखी वेद वदवतात. पशू बोलला तर ऐकायचं असतं, हे आपल्याकडे मुलांना न सांगता कळतं. नामजोशींनी हे सामान फलटणहून नेलं आणि टोरांटोत उघडलं.

१९८५ च्या ‘द कॉन्व्हर्सेशन्स ऑफ काउ’ या कादंबरीत नायिकेचं नावच सुनीती आहे. देवीने दर्शन द्यावं म्हणून ती बसली आहे, आणि समोर येते गाय. भद्रावती नावाची, ब्राह्मणी, आणि लेस्बियन. ही गाय रूपं बदलते, कधी बाई होते, कधी पुरुष. सुनीतीला वाटतं की आपण कोण ते पक्कं ठरलं पाहिजे. भद्रावती तिला ते ठरवू देत नाही. पुस्तक आलं तेव्हा अशा लेखिकेकडून अपेक्षा दोनच असायच्या : ‘भारतीय’ कादंबरी लिही, नाहीतर ‘लेस्बियन’ कादंबरी लिही. कपिलाषष्ठीचा योग जुळून यावा तशी गाय आणून नामजोशींनी दोन्ही मागण्या एकदम पुऱ्या केल्या, आणि दोन्हींच्या चौकटी मोडल्या.

१९८९ च्या ‘द मदर्स ऑफ मायादीप’मध्ये त्या आणखी धाडसी आहेत. मायादीप हे काल्पनिक बेट. तिथे राज्य आयांचं, गादीवर राणीसाहेब. बायकांच्या राज्यात सगळं मंगल असेल असं समजून वाचक आत शिरतो. पण तिथे आयांच्याही श्रेणी आहेत, आणि मुलगे वाढवले जातात ते फक्त बीजापुरते, पुढे त्यांना जगू दिलं जात नाही. स्त्रीवादी चळवळीने ज्या लेखिकेला आवाज दिला, तिने त्याच चळवळीच्या वाचकांपुढे हे ठेवलं. राणीसाहेबांच्या वाड्यात वाढलेल्या मुलीला बायकांच्या हातातली सत्ता कशी दिसते हे ठाऊक होतं. ती सत्ता गोड असते असं तिला कुणी पटवू शकलं नसतं.

डेव्हन

ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या कवयित्री जिलियन हॅन्सकम त्यांच्या सहचारिणी. दोघींनी एकमेकींना लिहिलेल्या कवितांचं ‘फ्लेश अँड पेपर’ हे पुस्तक १९८६ मध्ये आलं. टोरांटोची कायम नोकरी सोडून नामजोशी इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हनमध्ये राहायला गेल्या. हे दुसरं स्थलांतर, आणि या वेळी कुणाकडे जायचं हे ठरलेलं होतं.

१९८८ मध्ये ‘द ब्लू डॉंकी फेबल्स’ आलं. लाल पुलाजवळ एक निळं गाढव राहतं. नगरसेवकांना ते खटकतं : आमच्या लाल पुलाशेजारी निळा रंग शोभत नाही, गाढवाने पांढरं व्हावं नाहीतर जावं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कलम २८ लागू झालं. स्थानिक नगरपालिकांनी समलिंगी संबंधांना ‘प्रोत्साहन’ देऊ नये, अशी मनाई त्यात होती, आणि इंग्लंडमध्ये ती २००३ पर्यंत टिकली. गोष्ट कायद्यावर लिहिली असं मी म्हणणार नाही. पण त्या वर्षी ती वाचणाऱ्या बाईला ‘नगरसेवक’ हा शब्द नक्की टोचला असेल. मोकळ्या समजल्या जाणाऱ्या देशातही मोकळीक मागे जाऊ शकते, आणि ‘परदेशात गेल्या म्हणून’ या उत्तराला हा दुसरा अडसर आहे.

गोजा

या प्रकरणातला सगळ्यांत कठीण भाग शेवटी येतो. २००० साली, साठीच्या उंबरठ्यावर, नामजोशींनी ‘गोजा’ लिहिलं. त्याला त्यांनी आत्मचरित्रात्मक मिथक म्हटलं आहे. त्यात दोन बायका आहेत, दोघीही लिहिण्याच्या वेळी हयात नसलेल्या. एक आजी, राणीसाहेब, पुस्तकातली गोल्डी. दुसरी गोजा, वाड्यातली मोलकरीण. गोजा हे आपल्या खेड्यांतलं ओळखीचं नाव, गोजाबाई. ‘गोजिरी’तला जिव्हाळा त्यात आहे. लहानपणी या दोघींनी मुलीवर माया केली. एकीकडे सगळं होतं, दुसरीकडे काही नव्हतं, आणि एकीचं असणं दुसरीच्या राबण्यावर उभं होतं. नामजोशी मेलेल्या दोघींशी बोलतात, गोजाकडे क्षमा मागतात, आजीशी भांडतात.

पुष्कळ परदेशस्थ लेखकांच्या आठवणींत मोलकरीण येते ती मायेचा वास घेऊन : तिच्या हातची भाकरी, तिच्या गोष्टी. गोजाला त्या तशी सोडत नाहीत. परदेशात आपल्याला जे अंगणात उभं राहावं लागलं, ते गोजा जन्मभर आपल्याच वाड्यात करत होती, हे त्यांनी पाहिलं आणि लिहिलं. स्वतःवर झालेला अन्याय सांगणारी माणसं पुष्कळ असतात. तो सांगून झाल्यावर आपल्या घरातल्या अन्यायाकडे वळणारी फार थोडी. या लेखिकेबद्दल मला आदर आहे तो सगळ्यांत जास्त या वळणासाठी.

आणि तरी एक गोष्ट छातीवर राहते. पुस्तक इंग्रजीत आहे. गोजाला अक्षर येत नव्हतं, इंग्रजी तर नाहीच. जिची क्षमा मागितली तिला ते शब्द कळले नसते. नामजोशींना हे ठाऊक आहे. पुस्तकभर ती अडचण त्यांच्याबरोबर चालते. मी मराठी वाचक म्हणून ते वाचते तेव्हा मला सतत वाटतं की या संवादाची मूळ भाषा खाली कुठेतरी वाहते आहे, फलटणची, माणदेशाच्या वाऱ्याची, आणि मला तिचा फक्त इंग्रजी तर्जुमा वाचायला मिळतो आहे.

सुरुवातीला गोविंदाग्रजांचा अनुवाद आला होता. १९६८ मध्ये आई सरोजिनी आणि लेक सुनीती या दोघींनी ‘वाग्वैजयंती’च्या कवीला इंग्रजीत नेलं, कोलकात्याच्या रायटर्स वर्कशॉपसाठी. पी. लाल यांच्या त्या संस्थेची पुस्तकं हातमागाच्या साडीच्या कापडात बांधलेली असत. देश सोडण्याआधीचं मायलेकींचं हे एकत्र काम. ज्या घरात लेकीच्या आयुष्यातली एक मोठी गोष्ट बोलता येत नव्हती, त्या घरात दोघी गडकऱ्यांच्या एकेका ओळीवर बोलत बसल्या असतील.

या वर्षी मी वर्गाला उलट काम दिलं : काशीच्या ब्राह्मणाची गोष्ट मराठीत आणा. सगळं भराभर झालं, शेवटच्या मागणीवर गाडी अडली. ‘ह्यूमन स्टेटस’ला काय म्हणायचं? कुणी ‘माणूसपण’ म्हणालं. ते फार मऊ वाटलं. ‘माणूस म्हणून मान्यता’ लांबलं. मागच्या बाकावरची, एरवी फार न बोलणारी एक मुलगी म्हणाली, ‘दर्जा ठेवा ना मॅडम. समिती दर्जा देण्यासाठीच नेमतात.’ फळ्यावर तेच ठेवलं. मग तिने विचारलं, ती समिती अजून बसली आहे का, आणि तिच्यात बायका किती आहेत. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही, आणि आम्ही त्या समितीची नावं काढत बसलो.